आमच्या गल्लीला किती स्टार?

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी लेस्टरहून भाच्याचा व्हॉट्सॲप आला. तिकडं शिकायला गेलाय, तिघं पोरं मिळून एक घर भाड्यानं घेतलंय, आणि घरमालकानं कागदपत्रांबरोबर एक सर्टिफिकेट दिलं त्याचा फोटो पाठवला होता. रंगीत पट्ट्या, वर गडद हिरव्यात ए, खाली लाल रंगात जी, आणि ह्यांच्या घराचा बाण डी वर. खाली मेसेज, "मामा, इथं घरालापण ग्रेड असते, आमच्याला डी."

मी बघितलं आणि ठेवून दिलं. खरं रात्री झोप येईना, एप्रिल-मेमध्ये आमच्या मागच्या खोलीत कुणालाच येत नाही, म्हणून मोबाईल घेऊन वाचत बसलो. तर ते ईपीसी, एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट. घर विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं असेल तर तिकडं ते काढावंच लागतं, दहा वर्षं चालतं, आणि इंग्लंड-वेल्समध्ये २०१८ पासून नवीन भाडेकरू ठेवायचा तर घर किमान ई ग्रेडचं पाहिजे, २०२० पासून जुन्या भाडेकरूंनापण तोच नियम, काही सवलती सोडल्या तर. भाच्यानं त्याचा पोस्टकोड पाठवला, तो घातला तर त्याच्या अख्ख्या रस्त्याची यादीच आली, कुठल्या घराला सी, कुठल्याला डी, कुणाला ई. सगळं उघडं, कुणीही बघावं. शिवाय त्यांचं सांख्यिकी खातं भागाभागाचा हिशोब काढतं, कुठल्या गावातली घरं बरी, कुठली मागं, आणि त्यात जेवढं घर जुनं तेवढी ग्रेड खाली असं सरळ दिसतं.

ह्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली ती म्हणजे ही ग्रेड देताना लाईट बिल बघत नाहीत. माणूस घरी येतो, भिंती कसल्या, छताखाली काय भरलंय, खिडक्यांना काच किती पदरी, पाणी कशावर तापतं हे बघून हिशोब करतो. आत राहणारा काटकसरी आहे की उधळ्या ह्याच्याशी त्याला घेणं नाही. मार्क घराला, माणसाला नाही.

आणि मग मी आमच्या घराकडं बघितलं. फ्रिजवर स्टार, टीव्हीवर स्टार, वरच्या पंख्यावरपण स्टार (२०२३ च्या जानेवारीपासून सीलिंग फॅनला ते सक्तीचं झालंय), आणि हे सगळं ज्या छताखाली आहे त्याला काहीच नाही. पंख्याला पाच स्टार, पंखा ज्या स्लॅबला टांगलाय ती रात्री साडेनऊला हात लावला तर गरम.

आमचं घर बेळगावात, शहापुरात, आज्जाच्या वेळचं. पुढचा सोपा आणि माजघर अजून कौलारू आहे, वर फळ्यांचा माळा, आणि मागं २०११ मध्ये आम्ही दोन खोल्या पाडून स्लॅब टाकली. का टाकली ते सांगायला हवं, कारण कौलाचं कौतुक करणारे बरेच जण कौलाखाली राहत नाहीत. दर मे महिन्यात शाकारणी, शाकारायला माणूस मिळत नाही, मिळाला तर वर चढून पाच कौलं बदलताना दहा फोडतो, माकडं आली की अजून वीस, रिपा कुजलेल्या, वाशांना वाळवी, आणि आमच्याकडचा पाऊस. जूनला सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत माजघरात चार ठिकाणी भांडी लावलेली असायची. आई म्हणाली बास, आता स्लॅब. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, काकी आयुष्याचं टेन्शन गेलं. पावसाचं गेलं, त्यात तो खोटं बोलला नाही. उन्हाळ्याचं कुणी बोललंच नाही, आम्ही विचारलं नाही आणि त्यानंपण सांगितलं नाही, आणि पश्चिमेची खिडकी आहे तिच्यावर छज्जा दीड फुटाचा पाहिजे होता तो नऊ इंचाचा काढला, सेंट्रिंगचं सामान कमी पडलं म्हणून.

तर एकच घर, एकच माणसं, आणि वर दोन प्रकारची छतं. ह्याच्यापेक्षा चांगलं मोजायला काय मिळणार.

माझा एक मित्र उद्यमबागमध्ये फाउंड्रीत आहे. त्यांच्याकडं लांबून उष्णता मोजायचं ते पिस्तुलासारखं यंत्र असतं, बटण दाबलं की लाल ठिपका पडतो आणि आकडा येतो. त्याला म्हटलं रविवारी घेऊन ये. "काय मोजूलैस बे?" म्हटलं घर. आला बिचारा, आणि आम्ही दुपारी तीनला सुरुवात केली.

मला खात्री होती की कौल जिंकणार. आणि पहिलाच आकडा उलटा आला. दुपारी तीनला कौलाची आतली बाजू ४४ आणि स्लॅबची आतली बाजू ३६. मित्र माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. स्लॅबवर गच्चीत जाऊन मोजलं तर वर ५७, चप्पल काढून उभं राहता येत नव्हतं, खरं खाली आत ३६ च. म्हणजे कौल पातळ आहे, ऊन लगेच आरपार येतं, सिमेंटची स्लॅब जाड आहे, तिला तापायला वेळ लागतो. फक्त आमच्या सोप्यात ते ४४ माणसापर्यंत पोचत नाही, मध्ये माळा आहे. माळ्याच्या फळीची खालची बाजू मोजली ती ३२, आणि कौल आणि माळ्याच्या मधली गरम हवा कौलांच्या फटीतून आणि झरोक्यातून वरच्या वर निघून जाते.

मग चहा झाला, मित्र घरी जाऊन परत आला, रात्री साडेनऊला पुन्हा मोजलं. बाहेर हवा गार झाली होती, २६ असेल. कौल २६. बाहेर जेवढं तेवढंच, सूर्य गेला तसं कौल उतरलं. आणि स्लॅब आतून ३९. दुपारपेक्षा तीन डिग्री जास्त, रात्री साडेनऊला! दिवसभर जे ऊन स्लॅबनं प्यायलं ते आता आत सोडायला लागली होती, अगदी आपण अंथरूण घालायच्या वेळेला. पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर येते. रात्री एकला उठून मोजलं तेव्हा ३५.

गेली तेरा-चौदा वर्षं आम्ही म्हणत होतो की हल्ली बेळगावात उन्हाळा वाढलाय. वाढलाय ते खरंच, माझ्या लहानपणी आमच्याकडं पंखासुद्धा एकच होता. पण अंगणात बाज टाकली तर अजूनपण पहाटे चादर ओढावी लागते. म्हणजे मागच्या खोलीतली जी रात्र आहे ती हवेची नाही, ती आम्ही स्वतः सिमेंट आणि सळया विकत घेऊन वर ओतलेली आहे.

पुढच्या आठवड्यात ते यंत्र माझ्याकडंच राहिलं आणि मी गल्लीत फिरलो. लोकांनी हौसेनं घरात घेतलं, करोनाच्या वेळची सवय आहे, पिस्तूल बघितलं की काहींनी कपाळ पुढं केलं. आमच्या गल्लीत चौदा घरं. तीन पूर्ण कौलारू, दोन आमच्यासारखी अर्धी-अर्धी, आठ स्लॅबची, एक पत्र्याचं. स्लॅबची सगळी सारखीच येणार असं मी धरून चाललो होतो, पण रात्री साडेनऊला तीन घरांत ३८ ते ४० आणि बाकीच्या पाच घरांत ३१, ३२. इतका फरक का म्हणून मी दोन दिवस डोकं खाजवलं. भिंती सारख्या, उंची सारखी, एका घरात तर सिलिंग आमच्यापेक्षा खाली. मग गच्चीवर गेलो आणि कळलं. त्या पाचही घरांनी स्लॅब गळते म्हणून वर पत्र्याचं शेड मारलेलं आहे, सात-आठ फूट उंच, चारी बाजूंनी उघडं, खाली कपडे वाळत घालायला, पापड-कुरडया, लग्नाची पंगत. पावसासाठी मारलेलं ते शेड उन्हाळ्यात स्लॅबला छत्री धरून उभं आहे. पत्रा तापतो, पण त्याच्या खालून वारा वाहतो आणि स्लॅबवर ऊनच पडत नाही.

हे त्या पाच घरांतल्या एकालाही माहीत नव्हतं. "आमचं घर पहिल्यापासून गारच आहे," असं एक अण्णा म्हणाले, वास्तू बघून बांधलंय म्हणून.

आता पत्र्याच्या घराचं सांगतो, कारण मला ह्या सगळ्यात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथं एक वहिनी राहतात, घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. एक खोली, मागं मोरी, वर सिमेंटचा नव्हे तर साधा लोखंडी पत्रा, सिलिंग काही नाही. दुपारी तीनला पत्र्याची आतली बाजू ५२. मशीनच्या लोखंडाला हात लावला तर चटका. पत्र्यावर त्यांनी गोणपाट टाकून ठेवलेलं होतं, सकाळी त्यावर पाणी मारायच्या, अकरापर्यंत ते खडखडीत वाळून जायचं, आणि पाणीपण आमच्याकडं रोज कुठं येतंय. म्हणून दुपारी बाराच्या पुढं त्या शिवणाची पिशवी घेऊन आमच्या सोप्यात येऊन बसायच्या. हातशिलाई, हुक, काज सगळं तिथं, मशीनचं काम मात्र संध्याकाळी सहानंतर. सीझन लग्नसराईचा, म्हणजे नेमकी हीच वेळ, आणि दिवसातले सहा तास मशीन बंद.

आता ह्यांचं लाईट बिल ऐका. गृहज्योतीमुळं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेमुळं, हल्ली आमच्याकडं प्रत्येकाला आपला आकडा पाठ आहे. २०२३ मध्ये योजना आली तेव्हा २०२२-२३ ची सरासरी काढली, त्यावर दहा टक्के धरले आणि तेवढे युनिट फुकट, जास्तीत जास्त २००. लिमिटच्या वर गेलं तर वरच्याचे पैसे, २०० च्या वर गेलं तर पूर्ण बिल. हेस्कॉमचं बिल कन्नडमध्ये येतं, आमच्या आईच्या वयाच्या बायका शेजारच्या शाळेतल्या पोरीकडून वाचून घेतात, पण आता तेवढा एक आकडा कुठं छापलेला असतो ते सगळ्यांना कळतं. आमची सरासरी १२० होती, लिमिट १३२. वहिनींची सरासरी ५३, लिमिट ५८. अख्ख्या गल्लीत सगळ्यात कमी.

म्हणजे बिलाकडं बघून कोणी आमच्या गल्लीला मार्क द्यायला आला तर वहिनींचं घर पहिलं येईल. आणि यंत्र घेऊन आला तर शेवटचं. त्यांचं बिल कमी आहे कारण त्या घरात दुपारी थांबताच येत नाही, आणि दुसरा पंखा लावला तर लिमिटच्या वर जाईल म्हणून लावत नाहीत. ज्यांनी २०२२-२३ मध्ये पोटाला चिमटा काढून लाईट वापरली त्यांना लिमिट कमी मिळाली, ज्यांच्याकडं एसी होता त्यांना १८०-१९० ची. मी योजनेच्या विरोधात नाही, आमच्या घरालापण तिचा फायदा होतो आणि कितीतरी घरांत त्या पैशाचं दूध येतं. पण आपण बिलाचा आकडा म्हणजे घराची परीक्षा असं समजायला लागलोय ते चूक आहे. भाच्याच्या त्या सर्टिफिकेटमध्ये मला हेच आवडलं होतं.

आपल्याकडं असं काहीच नाही असं नाही हं. मी शोधलं. बीईई, म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, २००२ पासून आहे, स्टारचे लेबल तेच देतात, आणि त्यांनी राहत्या घरांसाठीपण एक ते पाच स्टारचं लेबल काढलंय, दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिट लागतील त्यावरून. ते ऐच्छिक आहे. त्याशिवाय २०१८ च्या डिसेंबरमध्ये इको निवास संहिता नावाचा नियमांचा पहिला भाग आला, त्यात छताला मर्यादा घातलेली आहे. आत-बाहेर एक डिग्रीचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येता कामा नये. आपली साधी उघडी स्लॅब ह्याच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडते. भिंती-खिडक्या मिळून वेगळी मर्यादा, १५ वॅट प्रति चौरस मीटर. हे वाचून मी खूश झालो, मित्राला फोन केला, आणि मग पुढची ओळ वाचली की हे ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला लागू.

५०० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. आमच्याकडं कोण पाच गुंठ्यांत घर बांधतंय? अनगोळ, वडगाव, कंग्राळी, येळ्ळूर, कुठंही जा, ३० बाय ४० चा प्लॉट, १२०० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याला शंभर-सव्वाशे फूट वर. त्यातपण भावाभावांत वाटणी होऊन १५ फुटाची पट्टी. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली तीपण १०० किलोवॅट किंवा त्यावरच्या लोडच्या इमारतींसाठी, आमच्या घराचा मंजूर लोड २ किलोवॅट. म्हणजे ज्या घरांत बहुतेक माणसं राहतात ती नियमाच्या बाहेरच. मला मान्य आहे की एक गुंठ्याच्या घराला नियमाचा जाच नको, परवानगीच्या खेपा आत्ताच काय कमी आहेत. पण सक्ती नको म्हणजे माहितीपण नको असं थोडंच आहे. नकाशा पास करताना एका कोपऱ्यात एवढं लिहून आलं असतं की ही खोली एप्रिलमध्ये रात्री अमुक इतकी तापेल, तर २०११ मध्ये आम्ही छज्जा तरी पूर्ण काढून घेतला असता.

आणि लेबल यायचं तर ते इथल्या हिशोबानं यायला हवं. आमचा एकच जिल्हा घ्या. खानापूर-जांबोटीकडं पावसाला तोंड द्यायला उतरती कौलं, जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती. अथणीकडं गेलं तर पाऊस बेताचा, तिथं जुन्या घरांना माळवद, वर फूटभर माती, उन्हाळ्यात आत गेलं की गारवा. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांनी आपापल्या हवेला उत्तर शोधलेलं होतं, आणि आता दोन्हीकडं एकच पाच इंची स्लॅब, एकच सहा इंची सिमेंटचा ब्लॉक. मला तर वाटतं ह्या नियमातल्या नुसत्या वॅटच्या आकड्यानं आमचा सोपासुद्धा नापास होईल, कारण कौलातून ऊन आत येतं हे मीच मोजलंय. पण रात्री साडेनऊला तो २६ असतो. दुपारी घरात कोण असतं आणि रात्री कोण झोपतं हे जो मोजेल त्यालाच खरी ग्रेड कळेल. आमच्या आईला रात्रीची पाहिजे, वहिनींना दुपारची.

मग केलं काय? आम्ही शेड मारलं नाही, तेवढे पैसे नव्हते. चुना लावला. गच्ची घासली आधी, आणि हे बेळगावकरांनी नीट ऐका, कारण पुण्या-सोलापूरच्या लोकांना हा त्रास नाही. आमच्याकडं पावसाळा संपेपर्यंत गच्चीवर शेवाळ धरतं, दिवाळीला ते वाळून काळं पडतं, आणि काळी गच्ची म्हणजे तवा. नुसतं ते काळं तारेच्या ब्रशनं घासून काढलं तरी फरक पडतो. त्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात, त्यात गोंद घातलेला, नाहीतर पायाला लागून खाली येतो. दीड दिवसाचं काम, मी आणि धाकटा भाऊ. त्या रात्री साडेनऊला स्लॅब आतून ३४. पाच डिग्री उतरली. आईनं काही न विचारता तिची गादी परत मागच्या खोलीत नेली. एवढंच की चुना पावसात धुपतो, त्यामुळं दरवर्षी संक्रांतीनंतर, पाडव्याच्या आत पुन्हा लावायचा. यंदाचा झालाय गेल्या आठवड्यात.

पंखे बदलले दोन. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवे बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरचे, ३० च्या आसपास. बारा तास चालला तर एका पंख्यामागं महिन्याला सोळा युनिट वाचतात, १३२ च्या लिमिटमध्ये दोन पंख्यांचे बत्तीस म्हणजे थोडे नाहीत. आंघोळीचं पाणी हा दुसरा मोठा खड्डा. २० लिटरची बादली २२ वरून ४२ डिग्रीला न्यायला अर्ध्या युनिटच्या जरा खाली लागतं, चार माणसं धरली तर महिन्याला पंचावन्न-छप्पन्न युनिट नुसते मोरीतून वाहून जातात. सोलर हीटर ज्यांच्याकडं आहे ते ह्यातून सुटले, पण जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडं पंधरा-पंधरा दिवस ऊनच पडत नाही. त्या वेळेला आई अजून तांब्याचा बंब पेटवते, नारळाच्या करवंट्या आणि शाकारणीतल्या जुन्या रिपा.

गच्चीवर पॅनल बसवायची पण आता लाट आहे, २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी. चांगलंच आहे. पॅनलची सावलीपण स्लॅबवर पडते. फक्त आधी छत दुरुस्त करा आणि मग पॅनल लावा, म्हणजे लहान पॅनलमध्ये भागेल.

फाउंड्रीवाला मित्र आता कंग्राळीला घर बांधतोय, ३० बाय ४० च. मागच्या महिन्यात त्याचा नकाशा घेऊन आम्ही दोघं इंजिनिअरकडं बसलो. बेडरूम पश्चिमेला होती, तिथं आता जिना आणि बाथरूम गेलं, ऊन खाऊ दे त्यांना. खिडकीवरून जरा वाद झाला. त्या इको निवास संहितेत उघडणाऱ्या खिडकीचंपण माप आहे, उष्ण-दमट हवेला खोलीच्या क्षेत्रफळाच्या १६.६६ टक्के. १० बाय १२ च्या खोलीला २० फूट झाले. इंजिनिअर म्हणाले, दिलीय की ५ बाय ४ ची, बरोबर वीस. पण ती स्लायडिंग, आणि स्लायडिंग खिडकी कधीच अर्ध्याच्या वर उघडत नाही, एक काच दुसरीच्या मागं जाऊन बसते. म्हणजे दहाच फूट. मित्राला हे पटलं, त्यानं दाराच्या पाल्यासारख्या पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या धरल्या, वरती जाळी. खर्च थोडा वाढला. शेड पहिल्यापासूनच प्लॅनमध्ये घेतलंय, मागून मारायचं नाही. इंजिनिअर चांगले आहेत, निघताना म्हणाले की इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाईकानं मला खोली किती तापेल असं विचारलं नव्हतं.

आणि वहिनींचं. गेल्या मे महिन्यात मित्र, मी आणि गल्लीतली दोन पोरं, एका रविवारी सकाळी सहाला पत्र्यावर चढलो, आठनंतर पाय ठेवता येत नाही. गंज घासला, प्रायमर, वर पांढरा पेंट दोन हात. खाली आतून बांबूच्या तट्ट्या ठोकल्या, पत्रा आणि तट्ट्यांच्या मध्ये हातभर जागा सोडली आणि दोन्ही टोकांना भिंतीच्या वर जाळी बसवली म्हणजे मधली गरम हवा जाईल, आमच्या माळ्यावरूनच घेतलेली कल्पना. आमच्या सोप्याचा जुना लाकडी झरोका होता तो एका बाजूला चपखल बसला. पुढच्या रविवारी दुपारी तीनला पत्रा आतून ४१, आणि तट्ट्याची खालची बाजू ३४. त्यांचं बिल थोडं वाढलं, ६५ वर गेलं, कारण आता मशीन दुपारीपण चालते. वरच्या सात युनिटचे पैसे भरतात आणि एक जादा ब्लाउज शिवला की ते निघतात असं त्याच सांगतात.

यंदाचा मार्च निम्मा झाला, ऊन चांगलंच चढलंय, पण वहिनी अजून दुपारच्या आमच्या सोप्यात आलेल्या नाहीत. आईला करमत नाही म्हणून जेवण झालं की आईच वाती वळायचं सामान घेऊन तिकडं जाऊन बसते.